लहान मुलांना आद्याक्षरी कविता कशी शिकवावी?

वर्गशिक्षिका
आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी आद्याक्षरी कविता लिहायला शिकवत आहे. एखादा शब्द उभा लिहायचा आणि त्याच्या प्रत्येक अक्षराने एकेक ओळ सुरू करायची, एवढे मुलांना चटकन कळते. मात्र बहुतेक मुले प्रत्येक अक्षरासमोर एकेक विशेषण लिहून मोकळी होतात, त्यामुळे ‘आई’वरची कविता आणि ‘मैत्रीण’वरची कविता यांत अक्षरांखेरीज काहीच फरक उरत नाही. दुसरी अडचण अक्षरांचीच आहे. ‘सावली’तील ‘ली’ने सुरू होणारा शब्द मुलांना सापडत नाही आणि ‘आभाळ’ घेतले तर ‘ळ’पाशी सगळा वर्ग थांबतो. काना-मात्रा काटेकोरपणे पाळायला लावाव्यात का, आणि सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

पाटीपेन्सिल
माझ्या मते अक्षरांपासून सुरुवात करणे हेच विशेषणांच्या यादीचे मूळ आहे. उभा शब्द समोर दिसला की मूल त्या अक्षराने सुरू होणारा पहिला शब्द शोधते आणि विषय बाजूला राहतो. म्हणून फळ्यावर शब्द उभा लिहिण्याआधी त्या विषयावर मुलांना बोलू द्यावे आणि त्यांची वाक्ये जशीच्या तशी टिपून घ्यावीत. सावलीबद्दल मुले सांगतील, ‘ती सकाळी लांब असते’, ‘सूर्य वर आला की ती पायाशी येते’, ‘संध्याकाळी लांबत लांबत अंधारात मिसळते’. आता शब्द उभा लिहावा आणि हीच वाक्ये हवे ते अक्षर पुढे येईल अशी फिरवायला सांगावीत. मराठीत शब्दांचा क्रम बराच बदलता येतो, आणि या कवितेसाठी ही फार मोठी सोय आहे:

सकाळी माझ्यापुढे लांब पसरते,
वर सूर्य आला की पायाशी येते,
लांबत लांबत संध्याकाळी अंधारात मिसळते.

यात एकही विशेषण शोधून आणलेले नाही, तरी ओळी एकामागून एक दिवसभराच्या क्रमाने येतात आणि ‘सावली’ हा शब्द ओळींमध्ये कोठेही नसल्याने कविता कोड्यासारखी वाचता येते. ‘ली’च्या जागी ‘लां’ घेतला आहे, हेही लक्षात आले असेल. या वयात व्यंजन जुळले की पुरे. त्याला काना, वेलांटी किंवा उकार कोणताही चालावा.

शुद्धलेखनप्रेमी
सुरुवातीला ही सवलत योग्य आहे, पण ती कायमची देऊ नये. बाराखडी नीट येणाऱ्या मुलांना नंतर मात्रेसह अक्षर पाळायला लावले, तर त्यांना शब्दकोश उघडण्याचे खरे कारण मिळते. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचा प्रश्न मात्र सवलतीने सुटणारा नाही, कारण नेहमीच्या मराठीत या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाहीत. तेथे नियमच बदलावा: ते अक्षर ओळीच्या पहिल्या शब्दात कोठेही असावे आणि मुलाने त्याभोवती गोल करावा. उदाहरणार्थ,

आता निळे, मग करडे,
भरून येते बघता बघता,
जवळ वाटते, हात पुरत नाही.

जोडाक्षरांबाबतही आधीच ठरवून घ्यावे. ‘मित्र’मधील ‘त्र’साठी ‘त्रिकोण’ किंवा ‘त्रास’ मिळतो. ‘सूर्य’मधील ‘र्य’साठी काहीच मिळत नाही, म्हणून तेथे ‘र’ किंवा ‘य’ यांपैकी एक निवडू द्यावे. खरे तर पहिल्या तासाला असे शब्द टाळणेच बरे.

वाचनवेडी
मुलांच्या स्वतःच्या नावांवरून सुरुवात करण्याची पद्धत सर्रास आढळते. मला ती पटत नाही. कोणाचे नाव दोन अक्षरी तर कोणाचे पाच अक्षरी असते, ‘वीणा’ला ‘णा’ आडवा येतो आणि स्वतःविषयी लिहिताना ‘हुशार’, ‘मेहनती’ असे गुणच सुचतात. त्याऐवजी सर्वांनी एकाच वस्तूवर लिहावे.

दोन अक्षरी शब्दाची कविता फार लवकर संपते, त्यावरही उपाय आहे. एका अक्षराला एकच ओळ, असा दंडक मुळात नाही. हिब्रू बायबलमधील 119 वे स्तोत्र वर्णमालेच्या 22 अक्षरांवर रचलेले असून त्यात प्रत्येक अक्षराने सुरू होणारी 8 वचने, म्हणजे एकूण 176 वचने आहेत. तेव्हा ‘वारा’ या शब्दासाठी ‘व’च्या दोन आणि ‘र’च्या दोन ओळी लिहायला काहीच हरकत नसावी.

वर्गशिक्षिका
आपणा सर्वांची आभारी आहे. आधी वाक्ये आणि मग अक्षरे, हा क्रम पुढील तासाला घेऊन पाहीन. यमकाचे काय करावे, एवढे सांगाल का? काही मुले यमकाशिवाय कविता मानायलाच तयार नसतात.

पाटीपेन्सिल
यमक आपोआप जुळले तर राहू द्यावे, मुद्दाम मागू नये. ओळीचे पहिले अक्षर ठरलेले आणि शेवटही ठरलेला, अशा दोन्ही अटी घातल्या की मूल मधला अर्थ सोडून देते. फारच आग्रह झाला तर फक्त शेवटच्या दोन ओळी जुळवायला सांगाव्यात.