नाळ कधी कापायची? ३७वा आठवडा, आई ओ निगेटिव्ह

कर्वेनगर_पहिलटकरीण

नमस्कार. ३७वा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळंतपण, बाळाचं डोकं खाली आलंय. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. आयसीटी (माझ्या रक्तात बाळाविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह आहे, अशा अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन घेतलंय. हिमोग्लोबिन १०.२, साखर आणि बीपी ठीक.

नाळ थोडं थांबून कापण्याबद्दल डॉक्टरांना विचारलं तर "ऐनवेळी बघू" म्हणाल्या. नेमकं किती थांबायचं? माझ्या रक्तगटामुळे बाळाला कावीळ होईल, म्हणून लगेच कापायला सांग असं घरचे म्हणताहेत. सिझर झालं तर थांबता येतं का? आणि नाळेचं रक्त मूलपेशींसाठी खासगी कंपनीकडे साठवायचा फॉर्म भरलाय, पैसे अजून दिलेले नाहीत. दोन्ही जमेल का?

लेबररूम_डॉक्टर

"ऐनवेळी" वर सोडू नका. बाळ बाहेर येतं त्या मिनिटाला खोलीतल्या प्रत्येकाचे हात गुंतलेले असतात. आधी ठरलेलं नसेल तर सवयीने चिमटा लागून जातो.

हिशोब असा आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात साधारण अडीचशे मिली रक्त असतं. जन्मल्याबरोबर नाळ बांधली तर त्याच्या वाट्याचं बरंच रक्त वारेतच राहतं. थांबलात तर पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिली आणि तीन मिनिटांपर्यंत एकूण १०० मिलीच्या आसपास बाळाकडे येतं. मोठा वाटा पहिल्याच मिनिटातला. या रक्तातलं लोह बाळाला पुढचे काही महिने पुरतं, आणि अंगावरच्या दुधात लोह थोडंच असतं. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) प्रमाणे आपल्या देशात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. नेपाळमध्ये ५४० बाळांचा अभ्यास झाला, त्यात आठव्या महिन्याला रक्तक्षयाचं प्रमाण लवकर कापलेल्यांत ८२ टक्के, तर तीन मिनिटं थांबलेल्यांत ७३ टक्के निघालं. नुसतं थांबून एवढा फरक पडत असेल तर तो सोडू नये.

जागतिक आरोग्य संघटना एक मिनिटाच्या आत कापू नका म्हणते, १ ते ३ मिनिटं सांगते. नाळेतले ठोके थांबेपर्यंत थांबा असाही आग्रह असतो. मला घड्याळ बरं वाटतं, कारण ठोके बोटाला कधी लागतात, कधी लागत नाहीत, आणि मग वाद होत बसतो.

प्रत्यक्षात करायचं ते असं. खोली किमान २५ अंश, एसी आणि पंखा बंद. दोन कोरडे, कोमट टॉवेल तयार. बाळ थेट आईच्या पोटावर, डोकं आणि पाठ पुसायची, ओला टॉवेल काढून टाकायचा, दुसरा पांघरायचा, टोपी घालायची. बहुतेक वेळा गडबड इथेच होते: ओला टॉवेल तसाच राहतो, बाळ गार पडतं आणि दोष थांबण्याला लागतो. जन्मवेळ सिस्टरने मोठ्याने सांगायची आणि मिनिट झाल्यावर पुन्हा सांगायचं. आईला मांडीत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसायचं औषध) १० युनिट पहिल्या मिनिटातच द्यायचं, नाळ कापायची वाट बघायची नाही. तोवर नाळ ओढायची नाही. मग बाळाच्या पोटापासून २ ते ३ सेंमीवर क्लॅम्प, आईच्या बाजूला चिमटा, मध्ये काप. थांबल्याने आईचा रक्तस्राव वाढतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

बाळ खाली धरलं तरच रक्त उतरतं असं पूर्वी सांगत. नॉर्मल बाळंतपणात पोटावर ठेवलं तरी तेवढंच जातं, हे २०१४च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. फक्त नाळ आखूड असेल तर ताण येईल असं वर ओढू नये. गळ्याभोवती विळखा असेल तर तो बहुधा डोक्यावरून सरकवून काढता येतो, त्यासाठी लगेच कापायची गरज पडत नाही.

नवजात_सिस्टर

काविळीबद्दल घरच्यांना असं सांगा. थांबल्यावर फोटोथेरपी (काविळीसाठी निळा दिवा) लागणाऱ्या बाळांचं प्रमाण थोडं वाढतं. एकत्रित अभ्यासांत लवकर कापलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत, उशिरा कापलेल्यांत ५ टक्क्यांच्या आत. निळ्या दिव्याखाली एखाद-दोन दिवस आणि भरपूर पाजणं, एवढ्यावर बहुतेक बाळं बरी होतात. चुकते ती तपासणी.

आयसीटी निगेटिव्ह आहे, म्हणजे तुमच्या रक्तात बाळाविरुद्धच्या आरएच अँटीबॉडी सापडलेल्या नाहीत. तेव्हा निगेटिव्ह गट थांबण्याच्या आड येत नाही. तुमच्या बाबतीत मी ओ आणि बी कडे जास्त लक्ष देईन. बाळाचा गट बी निघाला तर आई-बाळाचे ओ-बी गट (एबीओ) न जुळल्यामुळे कावीळ लवकर दिसू शकते. म्हणून कापल्यावर नाळेच्या वारेकडच्या टोकातून रक्त घ्यायला सांगा: गट, डीसीटी (बाळाच्या लाल पेशींना आईच्या अँटीबॉडी चिकटल्यात का), बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य). त्यासाठी बाळाला टोचावं लागत नाही, आणि थांबल्यावरही तपासणीपुरतं रक्त तिथे मिळतं. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला तर तो कधीच "नेहमीचा" समजायचा नाही. घरी सोडण्याआधी बिलिरुबिन करा आणि त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा दाखवा, कारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ सगळ्यात चढते आणि तोवर तुम्ही घरी असता. कोवळं ऊन हा त्यावर उपचार नाही. बाळ पॉझिटिव्ह असेल तर तुमचं अँटी-डी ७२ तासांच्या आत.

नाळेच्या टोकाला हळद, तेल, पावडर काही लावू नका. कोरडी ठेवा, लंगोट तिच्याखाली दुमडा.

ओटी_टेबल

सिझरमध्येही थांबता येतं, ३० ते ६० सेकंद. बाळ निर्जंतुक कोमट टॉवेलात, आईच्या मांड्यांवर. भूलतज्ज्ञ वेळ मोजून सांगतात आणि गर्भाशय आकसायचं औषध देतात. गर्भाशयाच्या कापाच्या कडांतून रक्त येत असेल तर सर्जन तिथे चिमटे लावून थांबू शकतात. फार येत असेल तर थांबत नाहीत, आणि ते बरोबर आहे. ओटी गार असते, म्हणून बाळाचे डॉक्टर निर्जंतुक गाऊन घालून टेबलाशी उभे असले तर बाळ तिथेच पुसलं जातं.

कधी हट्ट धरायचा नाही: पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल, वार आधीच सुटली असेल, नाळ तुटली असेल, आईला जोराचा रक्तस्राव होऊन बीपी पडत असेल. तिथे लगेच कापतात आणि बाळ वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या टेबलावर) घेतात.

घाई आहे म्हणून नाळ पिळून रक्त ढकला, अशी मागणीही करू नका. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांत पिळण्यामुळे मेंदूत गंभीर रक्तस्राव जास्त दिसला आहे. तुम्ही त्या गटात नाही, पण थांबता येत असताना पिळायचं कारणच नाही.

कर्वेनगर_पहिलटकरीण

खूप आभार. डीसीटीचं माहीतच नव्हतं. रक्त साठवण्याचं मात्र कळलं नाही. कंपनीचा माणूस म्हणतो एक मिनिट थांबून उरलेलं घेऊ.

लेबररूम_डॉक्टर

उरलेलं म्हणजे बाळाकडे न गेलेलं. दोन्हीकडे एकच रक्त आहे, त्यामुळे मिनिटभर थांबलात की पिशवीत कमी भरतं, आणि पिशवी भरायची म्हटलं की लवकर कापायचा दबाव येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की भविष्याचा विमा म्हणून खासगी साठवण सुचवू नये. घरात आधीच्या मुलाला मूलपेशींनी बरा होणारा रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवायचं. तुमचं पहिलंच बाळ आहे. पैसे भरू नका.

पुढच्या व्हिजिटला फाइलच्या पहिल्या पानावर हे लिहून घ्या आणि डॉक्टरांची सही घ्या: "बाळ रडत असल्यास नाळ किमान १ मिनिट, शक्यतो ३ मिनिटांनी, सिझर झाल्यास ३० ते ६० सेकंद. वेळ सिस्टर सांगतील. वारेकडून रक्तगट, डीसीटी, बिलिरुबिन." रात्री ड्युटीवर दुसरे डॉक्टर असू शकतात, म्हणून ॲडमिट होताना हे पान सिस्टरला स्वतः दाखवा, आणि सोबत येणाऱ्यालाही पाठ करून ठेवायला सांगा.