मदत हवी आहे: लहानग्यांचे काळ्या मातीचे बैल तडकतात

नमस्कार ताई-दादा. तान्ह्या पोळ्यासाठी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोरांचा पोळा) तीन ते पाच वर्षांच्या पोरांकडून घरीच मातीचे बैल करून घ्यायचे आहेत. लाकडी नंदी बाजारात मिळतोच, पण हा त्यांच्या हातचा हवा. माती कपाशीच्या वावरातली, काळी. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून बैल मानेपाशी आणि पायांच्या सांध्यात फाटतो.

सध्याची रीत अशी: माती वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळायची, रात्रभर भिजवायची, वरचं पाणी ओतून टाकायचं. मग 4 वाट्या मातीला 1 वाटी बारीक रेती घालून कणकेसारखी मळायची. पाय वेगळे चिकटवले की हमखास गळून पडतात. एकाच गोळ्यातून चिमटीने ओढून काढले तर टिकतात. पण चार वर्षांच्या हाताला ते जमत नाही, पाय बारीक होतात नि बैल खाली बसतो. सावलीत, ओल्या फडक्याखाली वाळवल्याने तडे कमी झाले, पण गेले नाहीत.

रेती वाढवली की माती ठिसूळ होते. मग त्याऐवजी गव्हाचं बारीक कुटार (भुसा) किती घालावं? शेण नको, पोरं हात तोंडात घालतात. चुनाही नको, डोळ्यात गेला तर भाजतो. आणि गेरू नुसत्या पाण्यात कालवला तर वाळल्यावर हाताला लागतो. त्यात डिंकाचं पाणी किंवा खळ किती घ्यावी? कुंभारकाम जाणणाऱ्यांनी प्रमाण वाटीतच सांगा, वजनकाटा सगळ्यांच्या घरी नसतो.