व्हॅक्यूमचा पेट्रोल कॉक गळतोय, की कार्बोरेटर?

पंचवटीकर: जुनी चार सिलिंडरची बाईक. पेट्रोलचा कॉक व्हॅक्यूमचा, म्हणजे 'ऑन'वर इंजिन चालू असताना त्याच्या ओढीनेच उघडणारा. रात्रभर 'ऑन'वर उभी राहिली की सकाळी ऑईलला पेट्रोलचा वास. कॉक गेला की कार्बोरेटर?

सातपूरकर: बहुधा दोन्ही. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत असती तर त्या वाटेने पेट्रोल पुढे गेलं नसतं. कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, इंजिन बंद, कॉक 'ऑन', 15 मिनिटं. थेंब पडला तर आतली ओ-रिंग कडक झालीय किंवा कचरा अडकलाय. मग इंजिनची ओढ कॉकपर्यंत नेणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढा. आतून ओली? डायफ्राम, म्हणजे कॉक उघडणारा रबरी पडदा, फाटलाय; मग सुई ठीक असली तरी पेट्रोल या नळीतून इंजिनात जातं. कोरडी असेल तर कॉकच्या त्या तोंडाला 20 मिलीची सिरिंज लावून ओढून धरा. ओढ टिकली पाहिजे आणि पेट्रोल वाहिलं पाहिजे.

सिडकोकर: कॉक 'प्राइम'वर ठेवून तपासू नका राव, तिथे ओढीशिवायही पेट्रोल वाहणारच! आणि ऑईल बदलून, प्लग काढून इंजिन फिरवल्याशिवाय स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. घाटात फुल थ्रॉटलला गाडी गुदमरते का?

पंचवटीकर: हो, कसाऱ्याला.

सिडकोकर: मग डायफ्रामच आधी बघा. फुल थ्रॉटलला ओढ कमी असते, फाटका डायफ्राम कॉक नीट उघडत नाही.