कामगारांना ब्रश शिकवायचा की टाकीवर एक्झॉस्ट बसवायचा?

भट्टीवाला:
कारखान्यात दातांचं शिबिर लागलं की कार्यक्रम ठरलेला. प्लास्टिकचा जबडा, हातभर ब्रश, दोन वेळा घासा, तंबाखू सोडा. मग एक प्रश्नावली, आणि निष्कर्ष काय, तर कामगारांमध्ये दातांबद्दल जागरूकता कमी! बॅटरीच्या कारखान्यात ॲसिडच्या टाकीत प्लेटा चार्ज होताना सल्फ्युरिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. पुढचे दात बोलताना, श्वास घेताना उघडेच असतात. त्यांचं इनॅमल, म्हणजे वरचं टणक आवरण, विरघळतं, कडा झिजतात, दात आखूड होतात. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, खात्यातही तेच. तिथे ब्रश कसा धरायचा हे शिकवून काय साधणार? काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे सडायचे. १९०६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने त्या फॉस्फरसवरच बंदी आणायचं ठरवलं. चुळा भरायला शिकवत बसले नाहीत.

दाढदुखी:
दातांची डॉक्टर आहे, आणि साफ असहमत. ॲसिडच्या खात्यात असतात किती जण? पॅकिंग, असेंब्ली, स्टोअरमधल्यांना कीड आणि हिरड्यांचे आजार टाकीमुळे होत नाहीत.

आणि ॲसिडवाल्यांनाही माहिती लागतेच. पाळी सुटली की तोंड आंबट लागतं म्हणून गडी लगेच खसाखसा दात घासतो. ॲसिडने मऊ पडलेलं इनॅमल त्या घासण्यानेच खरवडून निघतं. आधी साध्या पाण्याने चुळा, ब्रश निदान अर्ध्या तासाने. हे आपोआप कसं कळणार? तंबाखूचंही तसंच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरड्यांतून रक्त कमी येतं. ‘माझ्या हिरड्या ठणठणीत’ म्हणणाऱ्याचं दातांखालचं हाड आतून झिजत असतं आणि त्याला पत्ता नसतो.

रात्रपाळी:
माहिती आहे हो मॅडम, वेळ नाही. तुमचा दवाखाना उघडा असतो तेव्हा मी एकतर मशीनवर, नाहीतर झोपेत. रजा टाकली की पगार कापला. रूट कॅनालला तीन खेपा सांगता, दात उपटायला एक पुरते. म्हणून उपटतो. अडाणी आहे म्हणून नाही.

हेल्मेटधारी:
सेफ्टीत काम करतो. भट्टीवाले, टाकीवरचे तुषार ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट कुणी बोंब मारल्याशिवाय बसत नाही. दात झिजण्याचा आणि टाकीचा संबंधच माहीत नसेल तर माणूस ‘वय झालं आता’ म्हणून गप्प राहतो, कारण सुरुवातीला दुखतही नाही. बेकरी-चॉकलेटच्या कारखान्यात पिठासाखरेची धूळ पुढच्या दातांवर बसते, हिरडीलगत कीड धरते. तिथे कामगारालाच ऐकवतात, गोड कमी खा!
दाढदुखी, तुमच्याकडे पेशंटला विचारतात का, कुठल्या खात्यात काम करता?

दाढदुखी:
मी विचारते. सगळे विचारत नाहीत, हे खरं. पण म्हणून शिबिरंच बंद करा, हे काही पटत नाही.

भट्टीवाला:
बंद करा कुठे म्हटलं? प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवा: तुमच्या टाकीवरचा एक्झॉस्ट चालू आहे का? आणि ती उत्तरं मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. पुढचं शिबिर कोण लावतं ते बघूच.

रात्रपाळी:
लावलंच तर वेळ तेवढी बदला. आमच्याकडे दुपारी बाराला असतं, आणि अहवालात लिहितात ‘प्रतिसाद अल्प’.