तरुण रुग्णाच्या अंडाशयातील गाठ: ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा की स्मॉल सेल कार्सिनोमा?

प्रश्न:
विशीतील एका रुग्णाच्या अंडाशयातून काढलेली एक मोठी भरीव गाठ सध्या माझ्यासमोर आहे. लहान, गोल पेशींचे दाट पुंजके, त्यांत मधूनमधून गुलाबी द्रवाने भरलेल्या, पुटिकांसारख्या पोकळ्या आणि भरपूर मायटोसिस (पेशीविभाजन) दिसते. काही पेशींत कॅल्रेटिनिन (रंगतपासणीत पाहिले जाणारे एक प्रथिन) पॉझिटिव्ह आल्यामुळे माझा कल ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरकडे (अंडाशयातील ग्रॅन्युलोसा पेशींची, तरुण वयातील गाठ) आहे. रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियमही सामान्य आहे, तरीही मन मानत नाही. पुढे काय तपासावे?

उत्तर १:
आपली शंका रास्त आहे. पुटिकांसारख्या पोकळ्या हायपरकॅल्सेमिक (रक्तातील कॅल्शियम वाढवणाऱ्या) प्रकारच्या स्मॉल सेल कार्सिनोमातही, म्हणजे लहान पेशींच्या कर्करोगातही, असतात आणि कॅल्रेटिनिन दोन्हींत दिसू शकते, त्यामुळे या दोन गोष्टींवर निदान उभे करू नये. इन्हिबिन आणि एसएफ-१ या प्रथिनांची रंगतपासणी करून पाहावी. ग्रॅन्युलोसा पेशींत ती सहसा पॉझिटिव्ह येतात. मात्र खरा निर्णय बीआरजी-१ या प्रथिनाची रंगतपासणी देईल. या स्मॉल सेल कार्सिनोमात ते प्रथिन बनवणारे एसएमएआरसीए४ हे जनुक निकामी झालेले असते, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले, आणि म्हणूनच गाठीच्या पेशींची केंद्रके या रंगात कोरी राहतात. ती कोरी आहेत असे लिहिण्यापूर्वी त्याच स्लाइडवरील रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नीट रंगले आहेत ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. तेही कोरे असतील, तर दोष रंगप्रक्रियेचा आहे आणि तपासणी पुन्हा करावी लागेल.

उत्तर २:
कॅल्शियमचा नमुना कधीचा आहे? गाठ काढल्यावर ते बहुधा पूर्ववत होते, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल मागवावा. तोही सामान्य असला तरी हे निदान बाद होत नाही, कारण सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कॅल्शियम वाढलेलेच नसते.

प्रश्नकर्ता:
नमुना शस्त्रक्रियेनंतरचाच होता. आधीच्या अहवालात कॅल्शियम वाढलेले आढळले. इन्हिबिन निगेटिव्ह आहे. बीआरजी-१ मध्ये गाठीची केंद्रके पूर्ण कोरी आहेत आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांची केंद्रके मात्र ठळक तपकिरी उमटली आहेत.

उत्तर १:
मग निदान स्मॉल सेल कार्सिनोमाचेच लिहावे. ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा बहुतेकदा अंडाशयापुरताच मर्यादित असताना सापडतो आणि त्याचे भवितव्य चांगले असते; या गाठीचे तसे नाही, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अहवालाची वाट पाहायला न लावता आजच फोनवर कळवावे. हा जनुकदोष अनेकदा जन्मजात असतो, त्यामुळे रुग्णाला व तिच्या बहिणींना आनुवंशिक समुपदेशनाचा सल्ला द्यावा, हेही अहवालात आवर्जून नोंदवावे.