आप्पांची १९७२ ची जीप: रिस्टोरेशनवाल्याकडे द्यावी की स्वतः खोलावी?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांची १९७२ ची महिंद्रा सीजे-३बी (पेट्रोल) गावी गोठ्याला लागून असलेल्या शेडात उभी आहे. शेवटची चालली ती २००९ च्या गुऱ्हाळाच्या हंगामात. त्यानंतर तिच्यावर कडबा आणि मागच्या सीटवर कोंबड्या. आप्पा मागच्या वर्षी गेले. भंगारवाला दारात आला तेव्हा आई फक्त "ती नाही" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी पुण्यात आयटीत. स्प्लेंडरचं ऑइल बदलतो, इतपत हात चालतो. आठवड्यातून एक दिवस गावी मिळतो, तोही दर आठवड्याला नाही. इथल्या एका रिस्टोरेशनवाल्याने फोटो बघून साडेसहा लाख आणि आठ महिने सांगितलेत, "पार्ट वेगळे". चुलत भाऊ म्हणतो, व्हिडिओ बघून आपणच करू, दोन लाखांत बसतंय. इंजिन जाम आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने तुटतो. कुणी केलंय का असं काम? करावं का?

उद्यमनगरवाला
केलंय भावा. माझी १९६८ ची, हीच थ्रीबी. चार वर्षं दोन महिने लागले. आणि मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, हे धरून चार वर्षं. तू तुझं गणित घाल.

फोटो बघून आकडा सांगणाऱ्याला गाडी देऊ नको. तो लबाड आहे असं म्हणत नाही. पण जीपचं दुखणं फोटोत येत नाही. थ्रीबीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, फ्लोअरच्या खोबणीत बसते. त्या खोबणीत पाणी साठतं, चिखल साठतो, आणि वरून सीट शाबूत दिसत असताना खालनं सगळं कुजत जातं. मी टाकी उचलली तेव्हा टाकी वर आली आणि खोबण पापडासारखी खाली पडली. आत पाटीभर चिखल आणि कुणाच्या तरी बारक्या पोराची एक चप्पल. तुझा पायाखालचा पत्रा गेलाय म्हणजे टाकीखालचा आधीच गेलाय. जो स्वतः गावी येऊन, सीट काढून, खाली झोपून बघेल त्याच्याशीच पैशाचं बोल.

आता "स्वतः करायचं" म्हणजे काय ते ठरव. क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून गुळगुळीत करणं) आणि बोअर (ब्लॉकमधले सिलेंडर कातून घेणं) घरी कोणी करत नाही. मी स्वतः टर्नर असून ब्लॉक बोअरिंगवाल्याकडं टाकला. तो रिस्टोरेशनवालापण इंजिन लेथवरच पाठवणार, पाटे कमान-पाटेवाल्याकडंच जाणार. त्याचे साडेसहा लाख मुख्यतः पत्र्यात आणि रंगात जातात. त्यामुळं तुझ्यासारख्यानं खोलायचं स्वतः, जोडायचं स्वतः, आणि मधलं पैसे देऊन करून घ्यायचं. खोलताना प्रत्येक नटबोल्टाचा फोटो आणि चिठ्ठी. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवले, झाकणावर लिहून. जोडताना तीन डबे भरून बोल्ट उरले, ते सोड.

खोलण्यातही अडाणीपणा चालत नाही. माझ्या जीपला डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे नट उलट्या आट्याचे होते. मी नेहमीसारखं डावीकडं फिरवत बसलो. हलेना म्हणून पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्यावर उभा राहिलो. दोन स्टड तुटले. मग घासून बघतो तर स्टडच्या तोंडावर 'एल' ठोकलेला. आयुष्यभर आटे पाडले आणि घरच्या गाडीचे बघितले नाहीत!

इंजिन या मॉडेलचं वेगळं आहे. इनटेक व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणारे) वर हेडमध्ये, एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) खाली ब्लॉकमध्ये. बॉनेट एवढं उंच आहे ते या उंच इंजिनामुळंच. आमच्याकडं एका मिस्त्रीनं टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवली, म्हणून पैसे घेतले. त्यानं वरचं झाकण काढून चार इनटेक केले आणि हात पुसले. एक्झॉस्टचे चार टॅपेट इंजिनाच्या बाजूला असलेल्या झाकणाआड, मॅनिफोल्डखाली (धूर बाहेर नेणाऱ्या नळाखाली) असतात, तिथं हात घालायचा कंटाळा केला की माहीतच नव्हतं, देव जाणे. पाच-सहाशे किलोमीटरमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाले. म्हणून कुणाकडं दिलीस तरी विचार, "एक्झॉस्टचे टॅपेट कुठून सेट करता?" तो वरचं झाकण दाखवायला लागला तर चहा पिऊन परत ये.

आणि जाम इंजिनाला ट्रॅक्टरचा दोर लावू नको. गावात चार माणसं हेच सांगतील. असे ओढून वाकवलेले कनेक्टिंग रॉड माझ्या हाताखालनं गेलेत. प्लग काढ, प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून ओत, आठ दिवस विसरून जा. मग पुढनं हँडल लावून मागं-पुढं, हलक्या हातानं.

जीपवाल्याची बायको
वरच्या काकांचा मान ठेवून सांगते, "खोलायचं स्वतः" इथेच घात होतो. आमच्या ह्यांनी २०१७ च्या मे महिन्यात हौसेने जीप खोलली. ठाण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पावसाळा आला, सामान वर आलं. गिअरबॉक्स पाच वर्षं आमच्या दिवाणाखाली होता. दर दिवाळीला मी त्याच्याभोवती झाडू मारला. सोसायटीच्या तीन नोटिसा फाइलला लावल्यात.

शेवटी मीच रिस्टोरेशनवाल्यांची शोधाशोध केली, तर खोललेली गाडी कोणी कामाला घेईना. ज्यांनी घेतली असती त्यांनी जास्त पैसे मागितले, कारण काय आहे आणि काय हरवलंय ते आधी शोधावं लागतं. एकाने घेतली. मी अट घातली: टप्प्याने पैसे. पत्रा पूर्ण झाला, स्वतः जाऊन बघितला, मग पुढचा चेक. दर शनिवारी फोटो. आठ महिन्यांचे अकरा झाले, पण गाडी आली. ह्यांनी स्वतः केलं ते सीटकव्हर आणि जॅकचा रंग. लोकांना मात्र "मी रिस्टोर केली" असंच सांगतात. सांगू देत.

आठवड्यातून एक दिवस, तोही पुण्याहून जाऊन? आईला विचारा की त्यांना गाडी चालताना बघायची आहे की तुम्हाला तिच्याखाली झोपलेलं.

आरटीओचा वैताग
पाना उचलायच्या आधी आरसी शोधा. गाडी आप्पांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, तुमचं चुकलेलं दिसतंय.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेजचे नियम आले. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए'. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणजे व्हिंटेज करून रोज शेतावर न्यायची असेल तर जमणार नाही.

चुलत भाऊ डिझेल इंजिन बसवू म्हणाला तर आरटीओच्या परवानगीशिवाय नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आणि चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, रंगाच्या आधी. पेंटरने पुट्टीखाली नंबर गाडल्याची केस बघितलीय, सहा महिने फेऱ्या.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आलो. आरसी आप्पांच्या ट्रंकेत, कारखान्याच्या ऊसबिलांच्या खाली सापडली. आईला विचारलं. म्हणाली, "चालली तर बघीन की. पण आधी कोंबड्यांना दुसरी जागा कर."

ठरवलंय असं: पत्रा आणि रंग बाहेर, पण माणूस गावी येऊन बघेल तरच. पहिल्याने फोनवर नाही म्हटलं, दुसरा पुढच्या आठवड्यात येतोय. इंजिन मी आणि भाऊ उतरवणार. डाव्या स्टडवर तारेचा ब्रश मारला, 'एल' निघाला. भावाने ट्रॅक्टर आणि दोर खरंच तयार ठेवला होता, परत पाठवला.

तीन प्लग निघाले. चौथा, फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचा), जागचा हलत नाही. भाऊ म्हणतो गॅसने तापवू. काका, काय करू?

उद्यमनगरवाला
शेडात कडबा आहे म्हणालास ना? गॅस पेटवू नको. डिझेल सोडून ठेव प्लगच्या बुडाला आणि पाना भावाच्या हातात देऊ नको. शनिवारी कोडोलीला पाहुण्यांकडं येतोय. तुझं गाव तिथनं किती लांब?