जुनी केयेन टर्बो नागपुरात घ्यावी का?

प्रश्न (धरमपेठ): दिल्लीत नोंदणी झालेली 2013 ची पोर्शे केयेन टर्बो, म्हणजे 4.8 लिटरचे, 500 पीएसचे (पीएस हे अश्वशक्तीचे माप) व्ही-8 पेट्रोल इंजिन असलेली गाडी, नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत मिळते आहे. समृद्धीवरून मुंबईला नेहमी जाणे होते. घ्यावी का?

उत्तर 1: अहो, समृद्धीवर वेगमर्यादा ताशी 120 आहे, तेव्हा 500 पीएसचा हिशेब तिथे मांडू नका. खरी परीक्षा आपल्या मे महिन्याची असते. 45 अंशांच्या उन्हात इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे होज (नळ्या) आणि गाडी हवेवर तोलणाऱ्या एअर सस्पेन्शनच्या रबरी पिशव्या कडक होऊन तडकू लागतात. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजा. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर तिथून हवा गळत असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

उत्तर 2: कागदपत्रांचेही पाहा. दिल्लीच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागेल, आणि 15 वर्षांची नोंदणी 2028 मध्ये संपल्यावर फिटनेस तपासणीही आलीच.

उत्तर 3: टायर कोणत्या साली बनले, तेही बघा. कडेवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कितीही शाबूत दिसली, तरी जुन्या टायरवर समृद्धीच्या काँक्रीटवरून उन्हाळ्यात पळवणे मला तरी धोक्याचेच वाटते.